बोअरच्या पाण्यात डाळ का शिजत नाही?

आपण जालना जिल्ह्यातून लिहिले आहे की घराजवळची जुनी विहीर आटल्यावर आपण २८० फुटांचे बोअर घेतले आणि त्याला पाणी भरपूर लागले. पाणी दिसायला स्वच्छ आहे, परंतु त्यात तुरीची डाळ तासभर शिजवली तरी कणी राहते, साबणाला फेस येत नाही, कपड्यांवर राखाडी चिकटा बसतो आणि पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर चढतो. पत्र्यावरून धरलेल्या पावसाच्या पाण्यात मात्र तीच डाळ मऊ होते आणि तोच साबण फेसाळतो. सोबतच्या अहवालात एकूण काठिण्य ५४०, अल्कलिता ३८० आणि टीडीएस, म्हणजे एकूण विरघळलेले क्षार, ८७० मिलिग्रॅम प्रतिलिटर असे आकडे आहेत. आठवीतल्या मुलाने हे पाणी ‘दुष्फेन’, म्हणजे साबणाला सहज फेस न येणारे कठीण पाणी, असल्याचे सांगितले, शेजाऱ्यांनी मुतखड्याची भीती घातली आणि दुकानदाराने यंत्र बसवायचा सल्ला दिला, तेव्हा यातले खरे काय आणि करावे काय, असा आपला प्रश्न आहे.

मी २६ वर्षे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे आणि हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. मुलाने सांगितलेले नाव बरोबर आहे, पण नावाने कारण कळत नाही. शाळेत खडक भूगोलाच्या पुस्तकात येतो, साबण रसायनशास्त्राच्या धड्यात, पेशी जीवशास्त्रात आणि उष्णता भौतिकशास्त्रात. आपल्या स्वयंपाकघरात मात्र ही चारही प्रकरणे एकाच पदार्थापाशी येऊन मिळतात, तो म्हणजे पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि त्याचा जोडीदार मॅग्नेशियम. म्हणून हे कॅल्शियम खडकातून निघून डाळीपर्यंत कसे पोहोचते, ते क्रमाने सांगतो.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले आणि महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग आजही याच खडकावर उभा आहे. या बेसॉल्टच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा कॅल्शियमच्या ऑक्साइडचा असतो आणि मॅग्नेशियमचेही प्रमाण बरेच असते; प्लॅजिओक्लेज व पायरॉक्सिन या त्याच्या मुख्य खनिजांतच ही मूलद्रव्ये गुंतलेली असतात. नुसत्या शुद्ध पाण्याला ती सहजी सोडवता येत नाहीत, पण पाऊस शुद्ध नसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे पावसाच्या पाण्याचा सामू साधारण ५.६ असतो, म्हणजे ते किंचित आम्लधर्मी असते. खरा बदल त्यानंतर मातीत होतो. मुळे आणि मातीतले सूक्ष्मजीव श्वसन करत असतात, त्यामुळे मातीच्या कणांमधल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा दहा ते शंभर पट असू शकते. त्या हवेतून झिरपणारे पाणी अधिक कार्बोनिक आम्ल घेऊन मुरमात आणि खडकाच्या भेगांत उतरते, खनिजे हळूहळू कुजवते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट हे आयन सोबत घेऊन पुढे सरकते. खडक झिजवणाऱ्या आम्लाचा मोठा भाग असा जिवंत मातीतून येतो, ही गोष्ट मुलाला अवश्य सांगा, कारण पुस्तकात ती दोन वेगवेगळ्या धड्यांत विभागलेली असल्यामुळे सहसा ध्यानात येत नाही.

विहीर आणि बोअर यांतला फरक मुख्यतः काळाचा आहे. आपली विहीर मुरमातल्या वरच्या पाण्यावर चालत होती आणि ते पाणी दर पावसाळ्यात बरेचसे बदलत असे. बोअरने ज्या भेगा किंवा मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या, खडकाचा जो थर गाठला आहे, तिथले पाणी कित्येक वर्षे खडकाला चिकटून राहिलेले असू शकते आणि संपर्क जितका लांबतो तितके विरघळणे वाढते. मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांमध्ये कॅल्साइटचे पांढरे स्फटिकही असतात, तेही कॅल्शियम देतात. अर्थात प्रत्येक बोअर कठीण आणि प्रत्येक विहीर मऊ, असा नियम करता येणार नाही. बागायती शेतांमधल्या उथळ विहिरींतही, वारंवार दिलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन क्षार साचत गेल्यामुळे, मला फार मोठे आकडे मिळाले आहेत.

याच्या उलट उदाहरण कोकणात आणि गोव्यात दिसते. तिथला जांभा म्हणजे मुसळधार पावसाने युगानुयुगे धुऊन काढलेल्या खडकाचा शेष आहे. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका केव्हाच वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली. द्यायला कॅल्शियमच उरलेले नसल्यामुळे चिऱ्यांच्या जमिनीतल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ असते, आणि कोकणातून देशावर नांदायला आलेल्या बायका ‘इथल्या पाण्याला डाळ शिजत नाही’ म्हणतात, ते अगदी खरे असते.

आता पातेल्यातल्या पांढऱ्या थराकडे येऊ. आपल्या पाण्यात कॅल्शियम आहे ते मुख्यतः बायकार्बोनेटच्या सोबतीने, आणि पाण्यात पुरेसा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तोवरच ही जोडी स्थिर राहते. पाणी तापले की त्यात वायू कमी मावतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली चुनखडी, खाली बसते. साखर आणि मीठ गरम पाण्यात अधिक विरघळतात, हे आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. कॅल्शियम कार्बोनेट मात्र गरम पाण्यात आणखी कमी विरघळते, म्हणून थर नेमका जिथे उष्णता सर्वाधिक असते तिथेच चढतो. जमिनीत जी क्रिया कार्बन डायऑक्साइड मिळाल्यामुळे एका दिशेने झाली, तीच पातेल्यात तो निघून गेल्यामुळे उलट दिशेने होते.

आपल्या अहवालातला अल्कलितेचा आकडा इथे उपयोगी पडतो. ३८० अल्कलिता याचा अर्थ ५४० पैकी सुमारे ३८० काठिण्य बायकार्बोनेटचे, म्हणजे अस्थायी आहे आणि उरलेले १६० सल्फेट व क्लोराइड यांच्या सोबतीचे, म्हणजे स्थायी आहे. ते कितीही उकळले तरी जाणार नाही. अस्थायी भागातलेही मॅग्नेशियम कॅल्शियमइतक्या सहजी खाली बसत नाही. हे आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात व्यक्त केलेले असतात, त्यामुळे हजार लिटरच्या टाकीभर पाण्यात आपल्याकडे अर्ध्या किलोहून थोडी जास्त चुनखडी न दिसता फिरत आहे असे समजायला हरकत नाही.

या थरामुळे होणारे नुकसान नीट समजून घ्यावे, कारण त्याविषयी अर्धवट माहिती फार पसरली आहे. तांबे उष्णता जितकी सहज वाहून नेते, त्याच्या शेकडो पट कमी सहजतेने चुनखडी नेते. चुलीवरच्या पातेल्यात किंवा बंबात थर जाड झाला की ज्वाळेची उष्णता पाण्यात जाण्याऐवजी धुराबरोबर निघून जाते आणि सरपण खरोखर जास्त लागते. विजेच्या गीझरमध्ये मात्र तापणारी सळई पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे तिची बहुतेक उष्णता अखेर पाण्यालाच मिळते आणि विजेचे बिल लोक समजतात तितके वाढत नाही. तिथे हानी सळईची होते. ठरावीक वीज घेणाऱ्या सळईला ती उष्णता थरातून बाहेर ढकलण्यासाठी स्वतः अधिक तापावे लागते आणि त्या अतितापाने ती जळते. भांड्यावरचा थर काढायचा असेल तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पुरते. आम्ल लागताच जे बुडबुडे येतात, तो वर सांगितलेलाच कार्बन डायऑक्साइड होय.

साबणाचा हिशेब सोपा आहे. अंगाचा साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम क्षार. कॅल्शियमचा एक आयन साबणाच्या दोन रेणूंना धरतो आणि पाण्यात न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो. कपड्यांवरचा राखाडी चिकटा तोच. पाण्यातले सर्व कॅल्शियम व मॅग्नेशियम असे गुंतून संपेपर्यंत फेस येऊच शकत नाही. आपल्या ५४० काठिण्याच्या पाण्यासाठी गणित केले तर लिटरमागे सुमारे ३.३ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या बादलीमागे जवळजवळ ५० ग्रॅम साबण मळ निघायला सुरुवात होण्याआधीच वाया जातो. धुण्याच्या पावडरीतली कृत्रिम द्रव्ये कॅल्शियमबरोबर असा साका सहसा करत नाहीत आणि त्यात पाणी मऊ करणारे घटकही मिसळलेले असतात, म्हणून त्यांना आपल्या पाण्यातही बऱ्यापैकी फेस येतो.

डाळीचे कारण मात्र अधिक खोलात जाऊन पाहावे लागते. डाळीचा दाणा अगणित पेशींचा बनलेला असतो आणि शेजारच्या पेशींच्या भित्तिकांना जोडणारा जो थर असतो, त्यात पेक्टिन नावाचा पदार्थ असतो; पेरूची जेली घट्ट होते ती याच पेक्टिनमुळे. डाळ शिजणे म्हणजे हे पेक्टिन विरघळून पेशी एकमेकींपासून सुट्या होणे आणि त्याच वेळी आतला स्टार्च पाणी घेऊन फुगणे. पेक्टिनच्या लांब साखळ्यांवर ऋणभारित जागा असतात. कॅल्शियमवर दोन धनभार असल्यामुळे तो दोन शेजारच्या साखळ्यांमध्ये बसून त्यांना टाके घातल्यासारखे बांधून टाकतो, तर सोडियमवर एकच भार असल्याने त्याला हे जमत नाही. आपल्या पाण्यात शिजताना डाळीच्या पेक्टिनला सतत नवे कॅल्शियम मिळत राहते, जोड सुटण्याऐवजी पक्के होतात आणि वरून मऊ दिसणाऱ्या दाण्याच्या आत कणी राहते. हेच ज्ञान आपल्याकडे मुद्दाम वापरलेलेही आहे: पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात, म्हणून नंतर पाकात उकळूनही त्या मोडत नाहीत. आपल्या बोअरचे पाणी डाळीवर अगदी सौम्य प्रमाणात निवळीचेच काम करते.

याच कारणमीमांसेतून स्वयंपाकातल्या इतर अनुभवांचाही उलगडा होतो. आम्लात पेक्टिन सावकाश सुटते, म्हणून आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावर घालायची रीत पडली. अल्कधर्मी पाण्यात ते झपाट्याने तुटते, म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की डाळ लगेच शिजते. परंतु सोड्यामुळे थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट होते, आणि ज्या घरात ते मिळण्याचा एक मुख्य मार्ग डाळ हाच आहे, तिथे रोज सोडा वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी डाळ मऊ पाण्यातही शिजायला वेळ लावते, त्याचे एक कारण दाण्याच्या आतच असते. उबदार व दमट जागी साठवलेल्या दाण्यातले फायटेट हळूहळू तुटते, त्याने धरून ठेवलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम मोकळे होते आणि पेक्टिनपर्यंत पोहोचते. म्हणून सगळा दोष पाण्यावर टाकण्याआधी डाळ किती जुनी आहे, हेही पाहावे.

प्रेशर कुकरमध्ये हीच डाळ बरीच बरी शिजते, कारण तिथे पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. उलट सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला उघड्या पातेल्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, त्यामुळे तिथे मऊ पाण्यातही डाळीला वेळ लागतो.

आता प्रकृतीचा प्रश्न. भारतीय मानक आय.एस. १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचे काठिण्य २०० पर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २,००० आहेत. आपले पाणी या दोन मर्यादांच्या मध्ये बसते. कठीण पाण्यामुळे मुतखडा होतो असा समज घट्ट असला तरी त्याला खात्रीलायक पुरावा मिळालेला नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, पण आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून बाहेर नेते, त्यामुळे ‘पाण्यात कॅल्शियम, म्हणून मूत्रपिंडात खडा’ इतका सरळ संबंध जोडता येत नाही. आपल्या भागातल्या उन्हाळ्यात कष्टाची कामे करणाऱ्या माणसाने पुरेसे पाणी न पिणे हे त्याहून मोठे आणि निश्चित कारण आहे. मात्र घरात कोणाला आधीच खड्याचा त्रास असेल तर त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला प्रमाण मानावा.

उपायांपैकी तुरटीचा इथे काही उपयोग नाही. ती गढूळपणा खाली बसवते, विरघळलेले कॅल्शियम तिला काढता येत नाही. नळीवर चुंबक बसवायच्या उपकरणांनी काठिण्याचा आकडा कमी झालेला मी एकदाही पाहिलेला नाही. सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारे यंत्र, काम करतो, पण तो कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. आपल्या पाण्यात लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅम सोडियमची भर पडेल, म्हणून ते पाणी आंघोळ-धुण्यापुरते ठीक, पण पिण्यासाठी, विशेषतः रक्तदाबाच्या रुग्णांनी, वापरू नये, आणि यंत्र धुतल्यावर निघणारे खारे पाणी शेतात तर मुळीच सोडू नये. आर.ओ. यंत्र काठिण्य नक्कीच काढते, परंतु घरगुती यंत्रात गाळलेल्या पाण्याहून टाकून दिलेले पाणी बहुधा जास्त असते, आणि जालन्यासारख्या टंचाईच्या भागात ५४० काठिण्यासाठी तो खर्च आणि ती नासाडी मला योग्य वाटत नाही.

आपल्याकडे पत्र्याचे छप्पर आहे, हाच सर्वांत चांगला उपाय आहे. १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद छपरावर सुमारे ७०० मिलिमीटर पावसात वर्षाला ३५,००० लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर धरले तर ५,००० लिटरची एक झाकलेली टाकी २०० दिवस पुरते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन जाण्यासाठी सोडून द्यावे, नंतरचे गाळून साठवावे आणि पिण्यापूर्वी उकळावे किंवा क्लोरीनने निर्जंतुक करावे. टाकी लहान असेल तर पावसाचे आणि बोअरचे पाणी निम्मे-निम्मे मिसळले तरी काठिण्य २७० च्या आसपास येते, आणि तेवढ्यानेही डाळीत फरक जाणवतो. पावसाचे पाणी संपल्यावर डाळीपुरते पाणी पंधरा-वीस मिनिटे उकळून, थंड करून, वरचे निवळ तेवढे ओतून घ्यावे. कडधान्ये भिजवताना पाण्यात थोडे मीठ घातले तर सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियमची काही जागा घेतो आणि ती लवकर शिजतात. छपराचे जास्तीचे पाणी गाळून जुन्या विहिरीत सोडता आले तर पुढच्या काही वर्षांत तिचाही उपयोग होईल.

मुलाला हे स्वतः पडताळून पाहायचे असेल तर पावसाच्या पाण्यात साबणाचा कीस विरघळवून द्रावण करावे. तीन सारख्या बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर पावसाचे, बोअरचे आणि उकळून गाळलेले बोअरचे पाणी घ्यावे. उकळताना आटलेले पाणी पावसाचे पाणी घालून पूर्वीच्या मापापर्यंत आणायला विसरू नये. मग ड्रॉपरने साबणाचे द्रावण थेंब-थेंब घालत, दर वेळी हलवत, फेस दोन मिनिटे टिकेपर्यंतचे थेंब मोजावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाटलीतला फरक साधारणपणे अस्थायी काठिण्य दाखवेल. टीडीएस मीटरने हे समजणार नाही, कारण तो केवळ पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजून एकूण क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार चुनखडीचे आहेत की मिठाचे, हे त्याला ओळखता येत नाही.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते: आपल्या अहवालात फ्लोराइड आणि नायट्रेट यांचे आकडे नाहीत. काठिण्य डोळ्यांना, जिभेला, साबणाला कळते; हे दोन्ही घटक कशालाच कळत नाहीत. भरपूर कॅल्शियम असलेल्या पाण्यात फ्लोराइड सहसा फार वाढत नाही, कारण कॅल्शियम फ्लोराइड फारसे विरघळत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत दात आणि हाडे बिघडवणारे जे फ्लोराइड आहे, तशा प्रकारचे पाणी कित्येकदा चवीला चांगले आणि मऊही असते. तरीही तपासल्याशिवाय काहीही गृहीत धरू नये. नायट्रेट गोठा, शौचालयाचा खड्डा आणि खते यांतून येते, तान्ह्या बाळांना ते घातक ठरते आणि पाणी उकळल्याने ते कमी न होता आटल्यामुळे थोडे वाढतेच. मानकाप्रमाणे फ्लोराइड १ आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत असावे. नमुना घेताना पंप दहा मिनिटे चालू ठेवावा, स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, आत हवा राहणार नाही अशी काठोकाठ भरावी आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावी. एक तपासणी मे महिन्यात आणि एक पावसाळ्यानंतर करून घ्यावी, कारण या दोन वेळचे आकडे बरेच वेगळे निघू शकतात.